यूपीआय अ‍ॅपवरच्या तीस टक्क्यांच्या मर्यादेचं झालं काय?

यूपीआयमध्ये कुठल्याही अ‍ॅपवरून कुठलाही क्यूआर स्कॅन होतो. सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणून आपणही तिथेच, तशी सक्ती इथे नाही. तरी दहातले साधारण आठ व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोघांकडूनच जातात! सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हे झालं, चीड त्याची येते.

जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआयवरचा एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागे दुकानदाराकडून घ्यायची फी, शून्य केला. दुकानदाराचं भलं झालं, मान्य. पण सर्व्हर, फसवणूक पकडणारी यंत्रणा, तक्रारी घेणारी माणसं, हे फुकट मिळतं का? सरकारी अनुदान येतं, तेही बँकांशी वाटून घ्यायचं. मग अ‍ॅपची कमाई कर्ज नि विमा विकून, रिचार्जवर फी लावून. त्यासाठी आधी कोट्यवधी लोक अ‍ॅपवर हवेत, आणि ते आणायला कॅशबॅक ओतायचा. ज्याच्या पाठीशी फोनपेसारखं वॉलमार्ट किंवा खुद्द गुगल, तोच एवढा तोटा पचवणार. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं स्वतःचं भीम अ‍ॅपसुद्धा मागे पडलं, तिथे छोट्यांचा काय पाड लागणार?

वर ऐकवतात, पटत नसेल तर अ‍ॅप बदला. बदलून बघा! बँकेत नोंदलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि एसएमएस त्यावरूनच जायला हवा. दोन सिम असली की भलत्याच सिमवरून जातो आणि व्हेरिफिकेशन फेल. रिचार्ज संपलेला असला तरी फेल. पिन खात्याचा असतो, जुनाच चालतो, पण हे कुणी धड सांगत नाही; माणसं नवा पिन काढायला डेबिट कार्ड हुडकत बसतात. एसआयपीचे, वीजबिलाचे ऑटोपे तर २०२५ पर्यंत जुन्या अ‍ॅपलाच चिकटलेले असायचे. दुकानदाराचे तर हातच बांधलेले: काउंटरवरच्या साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं, आणि त्याच कंपनीमार्फत कर्ज घेतलं असेल तर हप्ता रोजच्या गल्ल्यातून वळता. तो डबा तो कसा काढणार?

एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये एका अ‍ॅपला एकूण यूपीआय व्यवहारांच्या ३० टक्क्यांची मर्यादा घातली. आधीच मर्यादेपुढे गेलेल्या अ‍ॅपना मुदत दिली डिसेंबर २०२२ ची. मग डिसेंबर २०२४. मग डिसेंबर २०२६. आणि नियम तरी कसला? मर्यादा ओलांडली की त्या अ‍ॅपने नवी गिऱ्हाइकं घ्यायची नाहीत. म्हणजे शिक्षा पहिल्यांदा यूपीआय सुरू करणाऱ्याला! मूळ दुखणं शून्य कमाईचं, त्याला हात लावायचा नाही. मोठ्या दुकानांवर तरी थोडा एमडीआर लावा की. जून २०२५ मध्ये नुसती तशी चर्चा उठली, तर अर्थ मंत्रालयाने ती निराधार म्हणून झटकून टाकली.