दौलताबादच्या हौदावरचा पहारा

आमच्या मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: जातीच्या छळाचे स्वतःचे अनुभव लिहायचा काळ सरला, एकट्याचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे सगळं रडगाणं आहे, आणि जुनं उकरून काढल्यामुळेच जात टिकते. मी अंबाजोगाईत मुलांना मराठी शिकवते. यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

आधी पुराव्याचं बघू. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसोबत वेरूळ-दौलताबाद बघायला आले होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी तो प्रसंग लिहून ठेवलाय. धुळीनं माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराजवळच्या काठोकाठ भरलेल्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला, धेडांनी (अस्पृश्यांना हिणवायचा शब्द) हौद बाटवला म्हणून. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला बघू दिला, पण आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर. लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बोलून आलेला माणूस, आणि त्याच्या तहानेवर शिपायाचा पहारा! जनगणनेच्या कुठल्या रकान्यात हा शिपाई सापडेल? परक्यांना अस्पृश्यता कळायची तर नुसतं वर्णन पुरत नाही, घडलेले प्रसंगच सांगावे लागतात, हे ओळखून बाबासाहेबांनी ते लिहिलं. आणि कोर्टात तरी वेगळं काय होतं? अत्याचाराची फिर्याद कुणा एकाच्या सांगण्यावरूनच उभी राहते.

आता रडगाण्याचं. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, असं तिनं लिहिलं. आणि आमचा धर्म कोणता, हे तिनं थेट देवालाच विचारलं. याला मी रडणं म्हणणार नाही, हा जाब आहे. लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं तेच. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. त्या शिक्क्याखालचं जगणं गायकवाडांनी ‘उचल्या’ या आत्मकथनात मांडलं. १९८८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

लिहिल्यामुळे जात टिकते, हे तर कुठूनच पटत नाही. हौदावर ओरडत आलेला तो म्हातारा काही कुणाचं आत्मकथन वाचून आला नव्हता.

राहिला काळ सरल्याचा मुद्दा. गेल्या पावसाळ्यात मी दौलताबादचा तो प्रसंग वर्गात वाचून दाखवला. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी जवळ आली. म्हणाली, “मॅडम, आमच्या गावात मसणवाटा अजून वेगळाच आहे.” मी म्हटलं, “मग लिही की.” चार दिवसांनी तिनं दीड पान आणून दिलं. आजी गेली त्या दिवशी धो धो पाऊस होता. गावच्या स्मशानात शेड आहे, यांच्या जागेवर नाही. सरण विझू नये म्हणून तिचे बाप आणि चुलते चार कोपऱ्यांना पत्रा धरून उभे होते, हात भाजेपर्यंत.