‘कुकरच्या तीन शिट्ट्या’ या यादीबद्दल थोडं

महोदय,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसतं महोदय. अ‍ॅपवर मी गाणी कशी लावून ठेवते, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झाडलंय. तुमचं म्हणणं, शास्त्रीय संगीताच्या यादीला ‘कुकरच्या तीन शिट्ट्या’ म्हणणं हा पोरकटपणा आहे. याद्या रागवार किंवा गायकवार हव्यात. आणि मुळात एवढी खटपट कशाला, अ‍ॅप आपोआप सुचवतंच की. यातलं दुसरं आणि तिसरं एकमेकांशी जुळत नाही, पण ते राहू दे.

आधी कुकर. नाव वाचून तुम्हाला वाटलं असणार की मी भीमसेनजींचा तासाभराचा ख्याल लावून कांदा चिरत बसते. तसं नाहीये. त्या यादीत फक्त मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरची ध्वनिमुद्रणं आहेत. एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे मैफलीत तासभर चालणारा राग तेवढ्यात आवरायला लागायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’ ही भैरवी तशीच संपते आणि काही राहून गेलं असं अजिबात वाटत नाही. हिराबाई बडोदेकरही त्या यादीत आहेत. वरणभाताचा कुकर चढवल्यापासून वाफ जिरेपर्यंत आमच्याकडे वीस-बावीस मिनिटं जातात, त्यात अशी सहा-सात बसतात. म्हणजे वर्गीकरण तबकडीच्या लांबीवरून आहे, नाव तेवढं स्वयंपाकघरातलं.

आता रागवार. मी ते करून पाहिलंय हो! लॉकडाऊनमध्ये दुसरा उद्योग नव्हता. पहिला खण भूप रागाचा. अ‍ॅपमध्ये नावं रोमन लिपीत. एकाने ‘भूप’ लिहिलंय, दुसऱ्याने ‘भूपाली’, तिसऱ्याने ऊकारासाठी दोन ओ घालून आणखी काही. बरं, रोमनमध्ये ल आणि ळ एकच. त्यामुळे रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग भूपाली आणि पहाटे देवाला उठवायची भूपाळी, दोन्हींचं स्पेलिंग तंतोतंत सारखं. संध्याकाळी साडेसातला मी भूपाचा ख्याल शोधायला गेले आणि घरात ‘उठी उठी गोपाला’ सुरू झालं. आवाज कुमार गंधर्वांचा, तक्रार कशी करणार? पण मुलाने विचारलं, “आई, सकाळ झाली का?” ज्ञानेश्वरांचं तर विचारूच नका. डी-एन-वाय, जे-एन, जी-वाय, तिन्ही करून पाहावं लागतं आणि प्रत्येक वेळी वेगळेच अभंग हाताला लागतात. गाणं शोधण्याचा हा वैताग एकदाच करायचा आणि सापडलं की जिथे परत हमखास जाणार तिथे ठेवून द्यायचं, एवढाच माझ्या याद्यांचा हिशेब आहे.

आणि काही गोष्टी रागाच्या खणात घालायच्याच नसतात. गीतरामायण घ्या. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाणी आली. गदिमांनी कथा लावलीय त्याच क्रमाने ती ऐकायची. रागवार फोडलीत तर रामायणाचे तुकडे होतील. आमच्या सासूबाईंना मी एकदा लावून दिलं आणि शफलचं बटण चालू राहिलं. त्या देवघरातून ओरडल्या, “अगं, राम जन्मायच्या आधीच सेतू बांधून झाला!” तेव्हापासून एक ते छप्पन्न अशी माझी स्वतःची यादी आहे, तिचं नाव ‘आईंचं’, आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

अ‍ॅपच्या सुचवण्याबद्दल एवढंच, की आमच्या घरात एकच खातं चौघं वापरतात. गेल्या डिसेंबरात त्याने मला सांगितलं की वर्षभरात मी सर्वांत जास्त ऐकलेलं गाणं हत्तीच्या पिल्लाचं आहे.

पण एका बाबतीत तुमचं खरं आहे, आणि ते वाचून मला झोंबलंही त्याचमुळे. मी लेखात लिहिलं होतं, ‘कोण गातंय हे मी बघतही नाही, सूर लागला की यादीत टाकते.’ तो आगाऊपणाच होता. त्याची शिक्षा मला आधीच मिळालीय, लेखात फक्त सांगितली नव्हती. माझी ‘दिवेलागण’ नावाची यादी आहे, संधिप्रकाशातल्या रागांची. तिच्यातलं माझं सर्वांत आवडतं ध्वनिमुद्रण एका संध्याकाळी करडं पडलं. दाबलं तरी वाजेना. हक्क संपले असतील, कंपनीने काढून घेतलं असेल, कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. नाव काय, तर ‘ट्रॅक ३, लाइव्ह’. कलाकाराच्या जागी ‘विविध कलाकार’. दोन वर्षं जवळजवळ रोज ऐकलं आणि गाणाऱ्या बाईंचं नाव मला माहीत नाही. दुसरीकडे शोधणार तरी काय टाकून?

तेव्हापासून यादीखाली वर्णनाची जी चौकट असते तिच्यात मी गायक, राग, जमलं तर तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे मराठीत लिहून ठेवते. हेच सगळं एका वहीतही. याद्यांची नावं मात्र बदलणार नाही.

तुम्हाला रागांची जाण माझ्यापेक्षा जास्त आहे हे प्रतिक्रियेवरून दिसतंच, म्हणून विचारते. बाईंचा आवाज, जरा जाडसर, खर्जात फार सुंदर. विलंबित एकताल. बावीस मिनिटं. पंचम लागत नाही एवढं मला कळायचं. मी मारवा समजत होते, पण पूरियाही असू शकेल, सूर तेच ना. अकराव्या मिनिटाच्या आसपास श्रोत्यांत कोणीतरी दोनदा खोकतं आणि बाई तिथेच समेवर येतात. ऐकल्यासारखं वाटतंय का?