एआय १० टक्क्यांच्या आत आलं की पेपर सेफ? कोणी सांगितलं?

पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. यूजीसीने १० टक्के एआय अलाउड केलंय, एआयचं लिखाण ओळखणाऱ्या डिटेक्टरमध्ये तेवढं आलं की सेफ, रेफरन्सपण त्याच्याकडूनच घ्या, आणि शेवटी 'एआय वापरलंय' अशी एक ओळ टाकली की कोणी काही बोलू शकत नाही. खाली हात जोडलेले इमोजी.

आधी ते १० टक्के. ते यूजीसीच्या २०१८ च्या नियमातले, आणि ते सिमिलॅरिटीचे आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या लिखाणाशी किती जुळतं त्याचे. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. मग त्याला चार वर्षं आधीच सूट कोणी दिली बाबा?

आता डिटेक्टर. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर काढला होता, तो नीट ओळखत नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये त्यांनीच बंद केला. आणि स्टॅनफर्डच्या लोकांनी टोफेल ह्या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध सात डिटेक्टरना घातले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेले, तर सरासरी निम्म्याहून जास्त एआयचे ठरले. म्हणजे मराठी मिडियममधून आलेल्या पोराचं साधं सरळ इंग्रजी अडकणार आणि एआयचंच पण पैसे देऊन 'ह्युमनाइझ', म्हणजे माणसाने लिहिल्यासारखं करून घेतलेलं सुटणार, आणि हाच आकडा आपण चारित्र्याचा दाखला म्हणून मिरवायचा!

ती एक ओळ? फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रंटियर्स ह्या प्रकाशकाच्या एका जर्नलमध्ये उंदराचं चित्र छापून आलं, अवयव अवाढव्य आणि लेबलवर 'टेस्टटॉमसेल्स' असले कुठल्याच डिक्शनरीत नसलेले शब्द. चित्रं मिडजर्नी ह्या एआयने काढलीत हे लेखकांनी पेपरात लिहिलं होतं, तरी आठवड्याच्या आत पेपर मागे घ्यावा लागला. सांगणं वेगळं, जबाबदारी घेणं वेगळं. एआयला लेखक म्हणून नाव लावू नका असं कोपने (COPE, संशोधन छापण्यातली नीतिमत्ता बघणारी संस्था) २०२३ मध्येच सांगितलं ते ह्याच कारणाने, चूक निघाली तर उत्तर द्यायला ते येणार नाही.

इंग्रजी नीट करायला वापरलं तर माझं काही म्हणणं नाही, मीही वापरते. नेचर जर्नलसुद्धा नुसत्या कॉपी एडिटिंगसाठी वेगळं सांगायला लावत नाही.

पण रेफरन्स त्याच्याकडून नका घेऊ रे. गेल्या महिन्यात एका ज्युनियरचा चॅप्टर बघत होते. एक रेफरन्स अगदी देखणा, लेखक खरा, जर्नल खरं, व्हॉल्यूम, पान नंबर सगळं जागच्या जागी. डीओआय, म्हणजे पेपरचा ऑनलाइन ओळख नंबर, टाकला तर उघडला कोळंबीच्या शेतीवरचा पेपर, आणि हा पोरगा करतोय ग्रामपंचायतींवर. जर्नलच्या त्या अंकात शोधलं, तिथेही असा पेपर नाहीच. मी विचारलं, तू वाचलास का? तर म्हणे, "ताई, जर्नल तर खरं आहे ना?"

मग बसलो दोघं, एकेक उघडून बघत. पहिल्या २० मध्ये चार हवेतले निघाले. उरलेले शनिवारी बघणार आहोत.