'जीवघेणा' हा शब्द जपून वापरू नका

'जीवघेणा' या शब्दाला पैसे पडत नाहीत, तेव्हा हात आखडू नका. पुण्यात पारा जरा उतरला की जीवघेणी थंडी. नटीने मान वळवली की जीवघेणी अदा. जाऊबाईंचा टोमणाही चालेल.

पथ्य एकच. जे खरोखर जीव घेतं, त्याला हा शब्द लावू नये. तिथे 'दुर्दैवी' शोभतो. हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातलेला नायलॉन मांजा संक्रांतीला दुचाकीवाल्याचा गळा कापतो, ती दुर्दैवी घटना. खड्ड्यात माणूस गेला तर 'वाहनावरील ताबा सुटल्याने' लिहावं. ताबा नेहमी मेलेल्याचाच सुटतो, खड्डा बुजवणाऱ्याचा नाही.

सापांच्या बाबतीत मात्र हा शब्द सढळ हाताने वापरा. अंगणात लांबलचक धामण दिसली की 'जीवघेणा साप!' अशी आरोळी ठोका आणि काठी आणा. ती बिनविषारी असते, शेतातले उंदीर खाते, हे शाळेच्या पुस्तकातच राहू द्या. मण्यारीसारख्या दिसणाऱ्या बिनविषारी कवड्या सापालाही ठेचा. त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे बहुधा याच्या उलट. पण एवढं बघत कोण बसतं?

खरी मण्यार चावली तर मात्र अजिबात गडबड करू नका. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते. फारसं दुखत नाही, सूज नाही, कधी दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात. 'किडाबिडा चावला असेल, सकाळी बघू,' असं म्हणून कूस बदला. श्वास बंद पडायला तेवढा वेळ द्यायलाच हवा.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी एकच लस सरकारी दवाखान्यात असते. पण तिथे केसपेपर काढावा लागतो. त्यापेक्षा देवर्षी बरा. तो कडुलिंबाचा पाला चघळायला देऊन गोड लागतो का विचारतो. त्याच्याकडे येणारे बरेचसे बिनविषारी सापांनी चावलेले असतात. काहींना विषारी साप चावतो, पण विष सोडतच नाही. हे सगळे टुणटुणीत बरे होऊन गावभर त्याचा महिमा सांगतात. राहिले ते सांगायला येत नाहीत. त्यांच्या घरच्यांना 'वेळ भरली होती' एवढं म्हणावं आणि देवर्ष्याचा नंबर पुढच्या माणसाला द्यावा.