नारळ दिसतो, टॉवर दिसत नाही

आमच्या सोसायटीच्या नारळाला नोटीस आलीये. हो, नारळाला! ‘विमान उड्डाणास अडथळा, उंची दीड मीटरने कमी करून अहवाल सादर करावा.’ अहो, दीड मीटरने कमी करायचा म्हणजे काय? पडदा आहे का तो, खालून दुमडून शिवायला? शेंडा छाटला की नारळ मेला, हे माझ्या नातीलाही कळतं. बरं, मारायचं म्हटलं तरी झाडाला हात लावायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी. एक कागद म्हणतो छाटा, दुसरा म्हणतो छाटाल तर गुन्हा.

आणि नारळाच्या मागे कोण उभंय? टॉवर! मंजुरीपेक्षा दोन मजले जास्त, हे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही ठाऊक. वर पाण्याची टाकी, टाकीवर मोबाइलचा खांब, त्यावर कोणाचा तरी झेंडा. शिवाय ‘एअरपोर्ट व्ह्यू’ म्हणून फ्लॅटला जास्तीचा भाव! घाटकोपर-कुर्ल्यावरून विमानं उतरतात, त्यांना हा दिसत नाही. आमचा नारळ दिसतो.

नियमाशी माझं भांडण नाही. धावपट्टीच्या टोकापासून दर 50 मीटर लांब गेलात की 1 मीटर उंची वाढते, अशा उताराच्या वर काही नको, बरोबरच आहे. पण ही मोजपट्टी लागते कोणाला? जो रीतसर अर्ज करतो त्याला. आमचं रिडेव्हलपमेंट त्यातच मेलं. सेक्रेटरींनी उंची जमिनीपासून धरली, विमानतळाच्या परवानगीत, म्हणजे एनओसीत, मोजतात समुद्रसपाटीपासून, म्हणजे जमिनीची उंचीही त्यातच. चार मजले कागदावरच गेले, बिल्डर फोन उचलेना, आणि मी अजून गुडघे धरून जिने चढतेय. लिफ्टचा विषय काढला की ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’.

2022 मध्ये उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं, मुंबई विमानतळाजवळच्या 48 इमारतींचे वाढीव भाग पाडा. न्यायालयाला सांगावं लागतं, यातच सगळं आलं! 2025 च्या जूनमध्ये अहमदाबादचा विमान अपघात झाला आणि आठवड्याच्या आत अडथळे पाडण्याच्या नव्या नियमांचा मसुदा हजर. मग 1994 च्या नियमांचं इतकी वर्षं काय लोणचं घातलं होतं? त्यांच्या तर नावातच इमारती आणि झाडं दोन्ही आहेत. इमारती आधी लिहिल्यात हो! वाचायला सुरुवात शेवटून केली वाटतं.

काल मीटिंगमध्ये हे सगळं मी उभी राहून, आवाज चढवून सांगितलं. त्या उताराला ‘अप्रोच सरफेस’ म्हणतात, असले शब्द वापरले. आयुष्यात एकदा विमानात बसलेय, तीही डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हणत, आणि इथे जोशीकाकांना लँडिंग शिकवत होते. काका म्हणाले, “वहिनी, तुम्हीच टॉवर कंट्रोलला जा.” सगळे हसले. मीही हसले, पण दात ओठ खात.

ठराव काय झाला? नोटिशीला उत्तर मी लिहायचं, कारण ‘तुमचं मराठी चांगलं आहे.’ उद्या झाडाच्या पाहणीला माणूस येणार, अकरा ते पाच कधीही. त्याला गच्चीवर न्यायचं मीच, चहा पाजायचा मीच. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी आज सकाळीच लोणावळ्याला गेलेत.