‘हिवाळ्यात टस्कनी-उंब्रिया बंद असतं’ : फिरत्या सल्ल्याचा मुद्देसूद प्रतिवाद

नाताळच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की प्रवासाच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो. त्याचा सारांश असा: मध्य इटलीतल्या टस्कनी आणि उंब्रिया या प्रांतांतली टेकडीवरची गावं हिवाळ्यात बंद असतात, बर्फात अडकायला होतं, गाडीशिवाय तिथे पोचता येत नाही, तेव्हा गाडी भाड्याने घ्या, भारतीय लायसन्स चालतं, फ्लॉरेन्समध्ये राहून एका दिवसात चार गावं होतात, ऑफ सीझन असल्याने बुकिंगची गरज नाही, आणि शाकाहारी माणसाची उपासमार ठरलेली.

यात अधूनमधून खरं काही आहे, आणि त्यामुळेच हा सल्ला जास्त नुकसान करतो. तो वाचून लोक एक तर बेत रद्द करतात, नाहीतर चुकीच्या आठवड्यात चुकीच्या गावी जाऊन पोचतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘गावं बंद असतात’

कोणतं गाव, आणि कोणत्या तारखेला? हे विचारल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही. इटलीचा हिवाळा ६ जानेवारीला दुभंगतो. त्या दिवशी एपिफनीचा सण असतो आणि तिथे म्हणच आहे की एपिफनी सगळे सण घेऊन जाते. ८ डिसेंबरच्या सुट्टीपासून ६ जानेवारीपर्यंत ही गावं दिव्यांनी उजळलेली असतात. गुब्बिओत ७ डिसेंबरच्या संध्याकाळी इंजिनो डोंगराच्या उतारावर दिव्यांचं साडेसहाशे मीटरहून उंच नाताळझाड पेटतं आणि ते सणांनंतर काही दिवसांपर्यंत तसंच असतं. मोन्तेपुल्चानोत माथ्यावरच्या चौकात नाताळबाजार भरतो. ओर्व्हिएतोत वर्षाच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत जॅझ महोत्सव असतो.

७ जानेवारीपासून चित्र पालटतं. पर्यटकांवर चालणारी लहान गावं तेव्हा आपली वार्षिक सुट्टी घेतात. सान जिमिन्यानो किंवा पिएन्झात जानेवारीच्या मध्यावर गेलात तर निम्म्या खानावळी आणि बरीच हॉटेलं बंद दिसू शकतात. मात्र सिएना आणि पेरुजा ही विद्यापीठांची, कचेऱ्यांची, नांदती शहरं आहेत, ती बंद होत नाहीत. असिसीत यात्रेकरू बारा महिने येतात. ओर्व्हिएतो आणि स्पोलेतोतही रोजचं जगणं चालू असतं. तेव्हा ६ जानेवारीच्या आधी जाणार असाल तर कोणतंही गाव निवडा. नंतर जाणार असाल तर मुक्काम मोठ्या गावात ठेवा आणि लहान गावं दिवसा पाहून परत या.

काही गोष्टी हिवाळ्यात खरोखरच दिसत नाहीत, तेही सांगायला हवं. सिएनाच्या कॅथेड्रलची संगमरवरी चित्रफरशी पूर्णपणे उघडी असते ती उन्हाळ्यात आणि शरदाच्या सुरुवातीला, ठरावीक आठवडेच. हिवाळ्यात तिचा बराच भाग झाकलेला असतो. सूर्यफुलं जून-जुलैची. पण सिएनाच्या दक्षिणेचं टेकड्यांचं ओर्चा खोरं हिवाळ्यात भकास असतं हे खोटं. शरदात पेरलेला गहू डिसेंबर-जानेवारीत हिरवा उगवून आलेला असतो, सायप्रसची झाडं सदाहरितच, आणि सकाळी दरीत धुकं साचलं की टेकड्यांचे माथे तेवढे वर दिसतात. उन्हाळ्याच्या तपकिरी-सोनेरी चित्रांपेक्षा आम्हाला हे रूप जास्त आवडतं.

‘बर्फात अडकाल’

सिएना आणि ओर्व्हिएतो समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरच्या आसपास, असिसी सव्वाचारशे, पेरुजा पाचशेच्या जवळ, मोन्तेपुल्चानो सहाशे मीटर. या उंचीवर बर्फ कधीतरी पडतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत वितळतो. जानेवारीत दिवसा साधारण ८ ते १० अंश, रात्री शून्याच्या थोडं वर, काही रात्री खाली. कास्तेल्लुच्चोसारखं १,४५२ मीटरवरचं गाव वेगळं. तिथला हिवाळा डोंगरी आहे आणि त्याच्या अनुभवावरून सिएनाविषयी सल्ला देणं चूक.

खरा त्रास वारा आणि ओल्या दगडाचा. उत्तरेकडून येणारा त्रामोंताना वारा गल्ल्यांतून थेट अंगावर येतो, त्यामुळे जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारं जाकीट अधिक उपयोगी. चर्चची इमारत आतून बाहेरपेक्षा थंड लागते, कारण जाड दगडी भिंती आणि बहुतेक ठिकाणी हीटिंग नाही. उतारावरची फरसबंदी पावसानंतर निसरडी होते. रबरी, खाचांच्या तळव्याचे बूट घ्या. चाकांची मोठी बॅग तिथे ओढवत नाही. दोन लहान बॅगा बऱ्या.

थंडी घरात लागते हेही अनेकांना तिथे गेल्यावर कळतं. इटलीत थंडीनुसार हवामान-विभाग पाडले आहेत आणि इमारतींच्या हीटिंगवर कायद्याने तासांची मर्यादा आहे: ‘डी’ विभागात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल दिवसाला १२ तास, ‘ई’ विभागात १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल १४ तास. ही गावं बहुतेक या दोन विभागांत येतात. निवासी घरांत तापमानाची मर्यादा २० अंश, अधिक दोन अंशांची सूट. म्हणजे भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये मध्यरात्री रेडिएटर गार पडला तर तो बिघडलाच असेल असं नाही. आणि शेतघरात राहणार असाल तर एक प्रश्न आधी लेखी विचारा: हीटिंग भाड्यात धरलं आहे का? अनेक शेतघरांत गॅसचा मीटर पाहून ते वेगळं आकारतात आणि आठवड्याचं बिल बजेट मोडतं.

‘गाडीशिवाय शक्यच नाही, भारतीय लायसन्स चालतं’

दोन्ही विधानं चूक. आधी दुसरं. इटलीत मूळ भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय चालक परवाना लागतो. तो भारतातून निघण्यापूर्वी आरटीओकडून घ्यायचा, मुदत एक वर्ष. काही वेळा भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर तो न मागताच किल्ली देतात आणि त्यावरूनच ‘चालतं’ असा समज पसरतो. अडचण पुढे येते: पोलिसांनी थांबवलं तर दंड, अपघात झाला तर विम्याचा वाद.

गाडी घेतलीच तर तीन गोष्टी पाठ करा. पहिली, झेडटीएल, म्हणजे जुन्या गावाचा मर्यादित वाहतुकीचा भाग. वेशीवर कॅमेरा असतो. फलकावर ‘वार्को आत्तीवो’ दिसलं तर प्रवेशबंदी चालू आहे. शब्द फसवा आहे, ‘आत्तीवो’ म्हणजे रस्ता खुला असं वाटतं, प्रत्यक्षात कॅमेरा चालू असतो. परदेशी राहणाऱ्याला दंडाची नोटीस ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते, आणि भाडेकंपनी तुमचं नाव कळवल्याचं शुल्क वेगळं घेते. हॉटेल आत असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवून नोंदवून घ्या. दुसरी, पार्किंगच्या रेषा: निळी पैसे भरून, पांढरी सहसा मोफत, पिवळी राखीव. तिसरी, १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात फलक लावलेल्या रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा गाडीत साखळ्या असणं सक्तीचं. गाडी ताब्यात घेताना टायरच्या कडेवर डोंगर-हिमकणाचं चिन्ह पाहा, नसेल तर साखळ्या मागून घ्या.

आता गाडीशिवाय. ओर्व्हिएतोचं स्टेशन पायथ्याशी आहे आणि समोरूनच दोरखंडाची रेल्वे माथ्यावरच्या काहेन चौकात सोडते. रोमहून साध्या रेल्वेगाडीने सव्वा तासाच्या आसपास. पेरुजात फोन्तिव्हेज्जे स्टेशनजवळून मिनिमेट्रो ही छोटी स्वयंचलित रेल्वे जुन्या शहरातल्या पिंचेत्तो थांब्यापर्यंत वर जाते. सिएनात स्टेशनसमोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांची माळ जुन्या शहराच्या कामोल्लिया वेशीकडे चढते. स्पोलेतोतही सरकते रस्ते आहेत. असिसीचं स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेलीत आहे, तिथून वर बस. स्पेल्लोच्या वेशीपर्यंत स्टेशनवरून चालत जाता येतं.

चूक होते ती बसच्या वेळापत्रकात, आणि नाताळात हमखास. तीन शब्द ओळखायला शिका. ‘फेरियाले’ म्हणजे सोमवार ते शनिवार. ‘फेस्तीवो’ म्हणजे रविवार आणि सण. ‘स्कोलास्तिको’ म्हणजे फक्त शाळा चालू असताना. नाताळच्या आधीपासून ६ जानेवारीपर्यंत शाळांना सुट्टी, म्हणजे वेळापत्रकात दिसणारी सकाळची सोयीची बस त्या पंधरवड्यात धावतच नाही. लोक थांब्यावर कुडकुडत उभे राहतात आणि ‘इटलीत बसचा भरवसा नाही’ असं लिहितात. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला स्थानिक बस जवळजवळ नसतात, रेल्वेही कमी. हे दोन दिवस जिथे आहात तिथेच पायी फिरण्यासाठी ठेवा. ओर्व्हिएतोहून चिविता दि बान्योरेज्जो या कड्यावरच्या गावाला जायचं तर कामाचा दिवस धरा, कारण ती बस रविवारी आणि सणाला नसते.

साध्या रेल्वेगाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात ठप्पा मारून घ्यावं लागतं. फोनवरच्या तिकिटाला चेक-इन. तिकीट खिशात असूनही दंड भरणारे बहुतेक इथेच चुकलेले असतात.

‘एका दिवसात चार गावं होतात’

हिशेब मांडू. डिसेंबरअखेर सिएनाच्या भागात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचार-पावणेपाचला मावळतो. उजेड नऊ तासांहून कमी. फ्लॉरेन्स ते मोन्तेपुल्चानो, तिथून पिएन्झा, मोन्ताल्चीनो आणि सान जिमिन्यानो, एवढ्या प्रवासाला चार तास जातात, परतीचा तास वेगळा. प्रत्येक गावी गाडी खाली लावून वर चढायला आणि उतरायला अर्धा तास, म्हणजे दोन तास. जेवणाला एक. उरले जेमतेम दोन तास, म्हणजे प्रत्येक गावाला अर्ध्या तासाहून कमी. त्यातच बरीच चर्च साडेबारा ते तीन-साडेतीन बंद आणि कितीतरी संग्रहालयं सोमवारी बंद.

ही गावं पाहण्याची वेळ संध्याकाळची आहे. सहलीच्या बस चारला निघून जातात, दिवे लागतात आणि पाचनंतर गावकरी मुख्य रस्त्यावर फेरफटका मारायला बाहेर पडतात. फ्लॉरेन्सला परतणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही. आठ रात्री असतील तर ओर्व्हिएतो दोन, पेरुजा तीन, सिएना तीन. पेरुजाहून असिसी रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत, त्याच मार्गावर पुढे स्पेल्लो. ओर्व्हिएतो ते पेरुजा जाताना तेरोंतोलाला गाडी बदला. पेरुजा ते सिएना रेल्वेने जायचं तर तेरोंतोला आणि क्यूसी अशा दोन ठिकाणी. ओर्व्हिएतोत सान पात्रिझियोची विहीर सोडू नका: सुमारे ५३ मीटर खोल, २४८ पायऱ्या, उतरायला आणि चढायला दोन स्वतंत्र गोल जिने, म्हणजे पाणी आणणारी खेचरं समोरासमोर अडत नसत.

‘ऑफ सीझन, बुकिंग कशाला?’

७ जानेवारी ते फेब्रुवारी, ठीक. त्याआधी नाही. ओर्व्हिएतोतल्या खोल्या जॅझच्या दिवसांत आणि गुब्बिओतल्या ८ डिसेंबरच्या आसपास लवकर भरतात. २५ तारखेचं दुपारचं आणि ३१ च्या रात्रीचं जेवण बहुतेक ठिकाणी ठरलेल्या पदार्थांचं आणि आगाऊ नोंदणीचं असतं. हॉटेलात माणशी, दर रात्री पर्यटक कर वेगळा द्यावा लागतो; सुटे युरो जवळ ठेवा.

शिवाय व्हिसा. इटलीसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस, गरज पडल्यास ४५. मोठ्यांना शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा. दिवाळीनंतर अपॉइंटमेंट शोधायला बसलात तर नाताळ हातचा जाईल. सप्टेंबरमध्येच अर्ज द्या.

‘शाकाहारी उपाशी राहतील’

हिवाळा हा तर डाळी, पालेभाज्या आणि नव्या तेलाचा मोसम. ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, त्यामुळे डिसेंबरला हिरवं, तिखटसर नवं तेल मिळतं. शिळा पाव, काळा कोबी आणि घेवड्याचं दाट सूप रिबोल्लिता, फार्रो या गव्हाच्या जुन्या प्रकाराचं सूप, टोमॅटो-लसणाच्या रश्शातला पिची हा जाड पास्ता, उंब्रियातली तव्यावर भाजलेली तोर्ता अल तेस्तो ही चपटी भाकर, कास्तेल्लुच्चोची मसूर, डिसेंबर ते मार्च नोर्चाचा काळा ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी अळिंबी. फक्त विचारताना ‘मांस आहे का’ एवढ्यावर थांबू नका. ‘ब्रोदो दि कार्ने?’ म्हणजे मांसाचं पाणी वापरलंय का, हे वेगळं विचारा, आणि रिबोल्लितात डुकराची चरबी नाही ना तेही. पार्मिजानो चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा वासराच्या जठरातला घटक, असतं. ते चालत नसेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असं सांगा. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असतं, म्हणून लहान मुलं बरोबर असतील तर दुपारी बेकरीतून फोकाच्चा हा चपटा पाव घेऊन ठेवा.