किराणा दुकानाची वही आणि डेलचा शेअर : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते दोन ओळींत मावेना. संगणक बनवणाऱ्या कंपनीचा शेअर पारखायचा तर माल किती दिवस पडून राहतो ते आधी बघा आणि त्याच्या शेजारी विक्रीची वाढ ठेवा, असं मी लिहिलं होतं. उदाहरण नव्वदच्या दशकातल्या डेलचं. त्यावर या गृहस्थांचं म्हणणं : 'किराणा दुकानाच्या वहीवर अमेरिकन टेक्नॉलॉजी कंपनी तोलू नये. २००६ साली एचपी या कंपनीने संगणकविक्रीत डेलला मागे टाकलं तेव्हाही साठा आठवड्याच्या आतच होता, शेअर मात्र केव्हाच बसला होता. साठा कमी नव्हताच, तो पुरवठादारांच्या गळ्यात बांधला होता. आणि लेखातल्या आलेखावरची वर्षंही चुकलीत.'

शेवटचं आधी. डेलचं आर्थिक वर्ष जानेवारीच्या अखेरीस संपतं, त्यामुळे १९९८ च्या आकड्यात बहुतेक सगळं १९९७ येतं. तशी तळटीप हवी होती, मान्य. टाकली आहे.

आता ती वही. 'किराणा' हा शब्द तुम्ही हिणवायला वापरलात ते कळलं. पण किराणावाल्याला निदान एक सोय असते, तूरडाळ ठेवून दिली तर भाव चढूही शकतो. संगणकाच्या सुट्या भागांचं बहुतेक वेळा उलट. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्याच दशकात मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका असेंब्लरकडे, म्हणजे सुटे भाग जोडून संगणक विकणाऱ्याकडे, स्टोअर सांभाळत होतो. शेठ सकाळी फोनवर रॅमचा रेट घ्यायचे आणि कोटेशनवर पेन्सिलने लिहायचे, कारण संध्याकाळपर्यंत तो खोडावा लागेल याची खात्री असायची. एकदा ४८६ या तेव्हाच्या इंटेल चिपचे मदरबोर्ड स्वस्त मिळाले म्हणून लॉट उचलला. मग त्यापुढच्या पेंटियम चिपचं गिऱ्हाईक सुरू झालं आणि ते बोर्ड चंदेरी पिशव्यांतून बाहेरच निघाले नाहीत. दर स्टॉकटेकिंगला मीच ते मोजायचो, आणि वहीत किंमत मात्र खरेदीचीच. तुम्ही कधी स्टॉकटेकिंग केलंय का हो?

डेलकडे १९९५ च्या आर्थिक वर्षात ३२ दिवसांचा माल असायचा. १९९७ मध्ये १३ दिवसांचा, १९९८ मध्ये ७. आणि विक्री? १९९७ ला ७.८ अब्ज डॉलर, पुढच्या वर्षी १२.३, त्याच्या पुढच्या वर्षी १८.२. ऑर्डर आल्यावर मशीन जोडायचं, गिऱ्हाइकाचे पैसे लवकर घ्यायचे, पुरवठादाराला नंतर द्यायचे. म्हणजे धंदा जितका वाढेल तितकी रोकड हातात जास्त. वाढत्या कंपनीला सहसा खेळतं भांडवल कमी पडतं, इथे ते आपोआप तयार होत होतं. तिकडे डेलची प्रतिस्पर्धी कॉम्पॅक, तिचा माल डीलरांकडे आठवडेच्या आठवडे पडून. किंमत उतरवली की त्या पडून असलेल्या मालाची भरपाईही कंपनीनेच द्यायची. इंटेलची नवी चिप आली की डेल आठवड्याभरात नव्या मशीनवर, कॉम्पॅक अजून जुना माल खपवतंय. ही टेक्नॉलॉजी नसेल तर नसो, नफा इथूनच येत होता. आणि हो, १९९८ साली अ‍ॅपलमध्ये आलेल्या टिम कुकनेही पहिल्यांदा हीच वही उघडली. महिनाभराचा साठा त्याच वर्षी सहा दिवसांवर आणला. त्याला जाऊन 'किराणा' म्हणा.

शेअर बसल्याबद्दल : मी दोन आकडे शेजारी ठेवा म्हटलं होतं, तुम्ही एकच उचललात. वाढ मंदावली, घरगुती गिऱ्हाईक लॅपटॉप दुकानात हाताळून घेऊ लागलं, २००७ मध्ये डेललाही वॉलमार्टमध्ये माल ठेवावा लागला. मार्च २००० मध्ये ५८ डॉलरच्या आसपास ज्यांनी शेअर घेतला त्यांनी भाव बघितला नाही, त्याचं खापर साठ्यावर कशाला? २०१३ मध्ये कंपनी १३.७५ डॉलरने बाजारातून काढून घेतली, हे मलाही माहीत आहे.

पुरवठादारांच्या गळ्यात बांधला म्हणता, तर बांधला. ऑस्टिनच्या आसपासच्या गोदामांत ते आपला माल आपल्या खर्चाने ठेवायचे. एवढी ऑर्डर दुसरं कोण देणार होतं? यावर आणखी लिहीत नाही.

खरं तर बोट ठेवायला याहून चांगली जागा होती. १९९९ मध्ये रॅमचे भाव भडकले, तैवानच्या भूकंपाने त्यात भर घातली, आणि त्या ऑक्टोबरात डेलला नफा कमी राहील असा इशारा द्यावा लागला. ज्याच्याकडे साठा नाही त्याला चढत्या भावाने लगेच चटका बसतो. तुम्ही हे काढलं असतं तर मला विचार करून उत्तर द्यावं लागलं असतं. तुम्ही किराणा काढलात.

पुढचा लेख कॉम्पॅकच्या डीलरांवर आहे. प्रतिक्रिया जरूर द्या, पण विशेषणं आली तर ती कापूनच छापेन.